बीचमच्या टेपवरचा दुसरा

१

अर्लीन कामावर गेली की ऑर्विल टार्पली माडीवरच्या मधल्या खोलीत जाऊन बसायचा, सॅक्सोफोन गळ्यात अडकवायचा आणि एकच सूर धरायचा. दम पुरेल तोवर. मग थोडा थांबून दुसरा. गाणं नाही, तान नाही, नुसते लांबच लांब सूर. सॅक्सोफोन वाजवणारा माणूस मरेपर्यंत हे करतो, आणि त्याचे शेजारी तोवर देवाचा धावा करतात. उत्तर फिलाडेल्फियातल्या त्या गल्लीत घरं भिंतीला भिंत चिकटून होती. पलीकडे नव्याने राहायला आलेल्या मिसेस पिंकनी फार काळ सहन करत नसत. भिंतीवर झाडूचा दांडा आपटायच्या. ठक, ठक, ठक. ऑर्विल हसायचा आणि पुढचा सूर जरा हळू धरायचा.

हिवाळ्यात छातीत कळ येऊन तो टपाल कचेरीतच आडवा झाला होता, तेव्हापासून डॉक्टरांनी एवढीच मुभा दिली होती. अर्लीनने तर सरळ दमच भरला होता. "सूर धर बापडा, पण मस्ती नको. मला विधवा करायचं असेल तर आधी सांग, माझा काळा ड्रेस दंडाला घट्ट होतोय."

"काय बाई आहे! माझ्या मरणात हिला शिंप्याची काळजी."

"मग? सगळं चर्च बघणार असतं."

बोलायची अशी, पण सकाळी निघताना गोळी त्याच्या हातावर ठेवून, तो ती गिळेपर्यंत दारात उभी राहायची.

त्या सोमवारी तो तिसऱ्या का चौथ्या सुरावर होता, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. पायरीवर लविनिया बीचम उभी होती. लुशियस बीचमची बायको. छे, आता विधवा. वर्ष होऊन गेलं होतं. तिच्या हातात टेपचा चपटा खोका होता आणि तिने तो अंगापासून जरा लांबच धरला होता.

२

"कंपनीवाले लुशियसची शेवटची टेप काढतायत," लविनिया म्हणाली. कॉफी तिने नुसती हातात धरून ठेवली होती. "त्यांना नाव हवंय. वेष्टनावर छापायला."

"लुशियसचं नाव त्यांना ठाऊक नाही?"

"दुसऱ्याचं. टेपवर दोघे आहेत, ऑर्विल. दोन टेनर सॅक्सोफोन."

"कोण दुसरा?"

"तेच तर. शेवटचं वर्ष तो खोलीला आतून कडी घालून बसायचा. जेवण मी दाराशी ठेवायचे. कोणी म्हणजे कोणी आलं नाही त्या घरात." ती उठली. "तू ऐक. मला जे वाटतं ते मी तोंडाने बोलणार नाही. शनिवारी संध्याकाळी येते न्यायला."

ती गेल्यावर ऑर्विलने खोका मांडीवर घेतला. लुशियस बीचम! सोळाव्या वर्षी मोठ्या बँडात बसलेला पोरगा. एके काळी दोघे मिळून रिज ॲव्हेन्यूवरच्या क्लबांत धुमाकूळ घालायचे. दोन टेनर समोरासमोर. चार मापं, म्हणजे तालाची चार छोटी आवर्तनं, याने वाजवायची, लगेच चार त्याने, मग पुन्हा याने. या खेळाला ते 'चार-चार' म्हणत, आणि त्याचा नियम एकच होता: समोरच्याने तुझ्यासाठी सोडलेली चार मापं रिकामी जाऊ द्यायची नाहीत. भलतंसलतं वाजव, एकच सूर भुंक, पण वाजव. पाळी रिकामी सोडणाऱ्याने सॅक्सोफोन पेटीत ठेवून घरी जायचं.

ऑर्विलने सोडली होती. एका भरल्या रात्री त्याचा दम संपला, बीचम हसला, आणि याचं डोकं फिरलं. मंचावरून तो उतरला तो थेट टपाल कचेरीच्या नोकरीत. पाठीमागून बीचमची हाक आली होती, "ऑर्विल, तुझी पाळी आहे!" त्यानंतर दोघे कधी बोलले नाहीत. बीचमने पॅरिस गाजवलं, रेकॉर्डवर रेकॉर्ड काढल्या, दात गमावले, नवे बसवून पुन्हा पहिल्यापासून वाजवायला शिकला. त्याची एकूण एक रेकॉर्ड ऑर्विलच्या कपाटात होती. अर्लीन पुसायची, तो ऐकायचा, आणि दोघेही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

त्याने टेप यंत्रावर चढवली.

बीचमच होता. तोच जाड, खरखरीत सूर, जेवून उठलेल्या माणसाच्या आवाजासारखा. त्याने चार मापं वाजवली आणि थांबला. मग दुसऱ्या टेनरने उत्तर दिलं.

दुसरा वाजवणारा सूर खालून चोरपावलाने पकडत होता. आणि दोन ओळींच्या मध्ये ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून दम ओढत होता. त्या कोपऱ्यात लहानपणी तुटलेल्या दाताची फट असली की ओढताना बारीक शीळ येते. ऑर्विलची जीभ आपोआप आपल्या फटीकडे गेली.

३

दुसऱ्या दिवशी त्याने होबार्ट लाइल्सला बोलावलं. होबार्ट त्या दोघांच्या मागे ड्रम वाजवायचा. आता गुडघे गेले होते, कान मात्र मांजरासारखे. मधल्या खोलीत खुर्ची ओढून, रताळ्याच्या पायचा तुकडा मांडीवर घेऊन तो ऐकायला बसला. थोडं ऐकून हसायलाच लागला.

"अरे लबाडा! गुपचूप दिलजमाई केलीत होय? आणि मला साधं कळवलं नाहीत?"

"तो मी नाही."

"तू नाहीस तर काय तुझा आजा आहे? गेली चाळीस वर्षं तुझी ती शीळ माझ्या कानात किटकिटतेय."

"होबार्ट, आईशप्पथ. मी त्याच्या घराची पायरीसुद्धा चढलो नाही."

होबार्टचं हसू ओसरलं. त्याने चमचा खाली ठेवला आणि मान कलती केली. "एक मात्र आहे. इतकं चांगलं तू जन्मात वाजवलं नाहीस. रागावू नकोस."

ऑर्विल रागावला नाही. त्याला तेच बोचत होतं. हा दुसरा त्याच्याच आवाजात, त्याच्याच खोडींसकट वाजवत होता, पण बिनधास्त. बीचमच्या प्रत्येक चिमट्याला सवाई चिमटा काढत होता. जे वाजवायची ऑर्विलची उभी हयात इच्छा होती, ते हा सहज वाजवत होता.

"आणि मागे ते काय वाजतंय?" होबार्ट म्हणाला. "टण, टण-टण. लयीत आहे की बेटं. ड्रमवाला ठेवला असता तर पैसे फुकट गेले असते."

तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि एकदम थांबला. खोली ऊबदार ठेवणारा वाफेचा रेडिएटर तापत होता. टण, टण-टण. टेपमध्येही तो आवाज येत होता, खोलीतही. दोन्ही आवाज एकमेकांवर चपखल बसले होते.

होबार्टने पायचा तुकडा अर्धाच टाकला. जिन्यावरून उतरताना कठडा घट्ट धरून म्हणाला, "ती टेप परत दे, ऑर्विल. नाव विचारलं तर सांग, माहीत नाही. आणि मला पुन्हा बोलावू नकोस त्यासाठी."

४

शहाणा माणूस असता तर त्याने टेप काढून ठेवली असती. ऑर्विलने दार लावलं आणि ती शेवटपर्यंत ऐकली.

रेडिएटरचं काय, शहरभर तसलेच रेडिएटर आहेत. एकाच कारखान्यातले, एकाच तऱ्हेने कण्हणारे. असं मनाला बजावत तो ऐकत होता. मग टेपमध्ये, दुसऱ्या टेनरच्या एका लांब सुरावर, भिंतीवर आवाज आला. ठक, ठक, ठक.

मिसेस पिंकनींचा झाडू. आणि बीचम गेला तेव्हा मिसेस पिंकनी या गल्लीत राहायलाही आल्या नव्हत्या.

त्याने यंत्राकडे हात नेला, पण कळ दाबली नाही. दोन्ही टेनर आता पेटले होते. दुसरा उंच उंच चढत होता, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, आणि अगदी टोकाच्या सुराशी तो सूर वाकला. वाकला आणि तुटला. मागोमाग खुर्ची सरकल्याचा आवाज, काहीतरी जड पडल्याचा.

बीचम थांबला नाही. त्याने आपली चार मापं वाजवली आणि चार मापं रिकामी सोडली, पुन्हा चार वाजवली, पुन्हा चार रिकामी. त्या रिकाम्या जागेत रेडिएटर तेवढा वाजत होता. मग खालून, दुरून, जिन्याच्या तळाशी उभं राहून मारावी तशी एका बाईची हाक आली.

"ऑर्विल?"

अर्लीन. बीचमच्या घराचा पत्ताही ठाऊक नसलेली अर्लीन. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी जवळून. ती दुसरी हाक ऑर्विलला ऐकवेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अर्लीनचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. पुन्हा बीचमची चार मापं, आणि खट्कन टेप संपली.

खाली खरोखरच दार उघडलं. अर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरातून परत आली होती. "ऑर्विल?" तिने जिन्याच्या तळाशी उभं राहून हाक मारली.

"आहे! मी आहे इथे!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की तीच दचकली.

"अरे हो, पळून जाशील असं म्हटलंय कोणी? गोळी घेतलीस का?"

५

भीती म्हणजे काय ते ऑर्विलला आता कळलं होतं. ती छातीत नसते, कानात असते. दिवसभर तो घरातले आवाज तपासत राहिला. नळ, जिना, रस्त्यावरून जाणारी ट्राम. प्रत्येक आवाज ऐकून त्याला वाटायचं, हा टेपवर होता का?

पण माणूस टपाल कचेरीत नोकरी करून निवृत्तीला आलेला. पाकीट चुकीच्या खणात पडलं तर ते उचलून बरोबर खणात टाकता येतं, एवढा त्याचा अकलेवर विश्वास. त्याने विचार केला. जे अजून घडलंच नाही त्याची टेप असू शकत नाही. समजा असली, तरी ती खोटी पाडता येईल. दुसरा कुठे तुटतो? टोकाच्या सुरावर. का तुटतो? कारण वर चढण्याआधी तो दम घेत नाही, गडी रंगात येऊन तसाच पुढे रेटतो. मी तिथे दम घेईन. ओलांडेन तो सूर. मग ही टेप माझी नाही, कोणा दुसऱ्याची ठरेल.

सॅक्सोफोन न वाजवणारा कोणीही सांगेल की त्याहून सोपा उपाय होता. सॅक्सोफोन पेटीत ठेवायचा, टेप शनिवारी परत करायची. पण या लोकांना लहानपणापासून एकच शाळा माहीत. एखादी गोष्ट समजून घ्यायची तर ती रेकॉर्डवरून उतरवायची. सुई मागे न्यायची, ऐकायचं, वाजवायचं, पुन्हा मागे न्यायची. ऑर्विल तेच करायला बसला. चूक टाळायची म्हणून ती चूक कुठे आहे ते तो सुरासूर पाठ करू लागला.

आणि मजा यायला लागली, हेच सगळ्यात वाईट. बोटं जुनी झाली होती, पण टेपवरच्या दुसऱ्याची बोटं त्यांना वाट दाखवत होती. टोकाचा सूर जवळ आला की तो थांबायचा. तिथे हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. रोज मात्र तो एक पायरी वर जाऊन थांबत होता.

६

अर्लीनला पत्ता लागायचाच होता. मिसेस पिंकनींनी पायरीवरच गाठून सांगितलं, "तुमचे हे हल्ली नुसते सूर नाही धरत हो. नाचायचं मन होतं असं वाजवतात."

ती वर आली ती कोटासकट. "काय वाजवतोयस तू?"

"काही नाही. बीचमची टेप."

"बीचम मेलाय, ऑर्विल. जिवंतपणी त्याने तुझा दम काढला, आता मेल्यावर काढायचाय का?" तिने त्याच्या गालाला हात लावला. "हे बघ, घामाने कसा निथळलायस. तोंड राखेसारखं झालंय."

त्याला तिला सगळं सांगायचं होतं. टेपवर तू आहेस, तुझी हाक आहे, ती दुसरी हाक तू माझ्यासाठी मारतेयस. पण ते तोंडातून निघेना. शेवटी म्हणाला, "त्याच्याबरोबर मी कधी नव्हे ते चांगलं वाजवतोय, अर्लीन. एकदाच पूर्ण वाजवू दे."

"नाही." ती खाली बसली. "तू कचेरीत पडलास ना, तेव्हा मी पातेलं तसंच चुलीवर टाकून धावत आले होते. अख्खी वाट मी देवाला म्हणत होते, काहीही घे, याला ठेव. त्याने ठेवला. आता तुला हौस म्हणून मी देवाशी झालेला तो सौदा मोडू देणार नाही. मला तुझं चांगलं वाजवणं नको. मला तू हवायस, कंटाळवाणे सूर धरणारा."

ऑर्विलला भडभडून आलं. त्याने तिचा हात धरला आणि शब्द दिला. टेप खोक्यात गेली, खोका दाराजवळच्या मेजावर. शनिवारी लविनिया येईल, घेऊन जाईल. नाव विचारलं तर माहीत नाही. शुक्रवारी त्याने सॅक्सोफोनला हातसुद्धा लावला नाही. रात्री तो तान्ह्या बाळासारखा झोपला.

७

शनिवारी दुपारी अर्लीन चर्चच्या जेवणाची भाजी निवडायला गेली. "तासाभरात आलेच," म्हणाली. ऊन छान पडलं होतं. ऑर्विल मेजाजवळून दोनदा गेला. तिसऱ्यांदा त्याने खोका उचलला.

वाजवणार नव्हताच तो. शब्द दिला होता. देण्याआधी फक्त एकदा ऐकायचं, त्या दुसऱ्याचा निरोप घ्यायचा. बस्स.

टेप सुरू झाली. बीचमने चार मापं वाजवली आणि थांबला. रेडिएटर वाजला. टण, टण-टण. आणि बाकी काहीच नाही.

दुसरा टेनर नव्हता.

ऑर्विल पुढे झुकला. बीचमने पुन्हा चार वाजवली, पुन्हा चार रिकामी गेली. यंत्र बिघडलं असेल. वायर सैल असेल. त्याने वायर दाबून बघितली. तिसऱ्या वेळी बीचमच्या वाजवण्यात काहीतरी होतं, हसू होतं, ओळखीचं. माणूस कोपराने ढोसतो तसं. पुन्हा रिकामी जागा. अख्खी खोली त्याच्याकडे बघत होती, आणि त्याची पाळी अशी उघड्यावर पडून होती.

त्याने सॅक्सोफोन कधी गळ्यात घातला ते त्याला कळलं नाही. पहिला सूर खालून चोरपावलाने पकडला, आणि मग काय विचारता! पाठ केलेलं सगळं हातात आलं. बीचमने डिवचलं, याने सवाई डिवचलं. भिंतीवर झाडू आपटला, ठक, ठक, ठक, आणि ऑर्विल मनात म्हणाला, ठीक आहे, आता सावध. पुढे चढण आहे. इथे दम घ्यायचा. पण रंग असा चढला होता की थांबायची सवड कोणाला? तो चढला, एक पायरी, दुसरी पायरी. छातीत काहीतरी मुठीने आवळलं. टोकाचा सूर वाकला.

आणि तुटला नाही.

ओलांडला त्याने! सूर सरळ झाला, स्वच्छ, कधी नव्हे इतका स्वच्छ, आणि त्याची चार मापं पुरी झाली. छातीतली मूठ सुटली. ऑर्विलला हसू फुटत होतं. टेप खोटी पडली होती. बीचमने उत्तर दिलं, याने दिलं, पुन्हा त्याने. बीचम इतका जवळ वाटत होता की त्याच्या बुटाचा ठेका जमिनीत जाणवत होता. मिसेस पिंकनींचा झाडू मात्र थांबला होता. थांबणारच, असं कोणी वाजवल्यावर!

"ऑर्विल?" खालून हाक आली.

त्याने सॅक्सोफोन तोंडातून काढला. "वर आहे! रागावू नकोस, अर्लीन, ओलांडलं मी ते! ऐकलंस का?"

ती जिना चढत होती. दारात आली. त्याच्याकडे तिने बघितलंच नाही. ती खुर्चीपलीकडे, खाली जमिनीवर बघत होती. तिच्या खांद्यावरची पर्स गळून पडली.

"ऑर्विल?"

तीच दुसरी हाक. ती गुडघ्यांवर बसली, कोणाच्या तरी शर्टाची बटणं तोडायला लागली. ऑर्विलने तिला जोरात हाक मारायची म्हणून दम ओढायला तोंड उघडलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की टोकाच्या त्या सुरापासून त्याने श्वास घेतलेलाच नव्हता. इतका वेळ वाजवत होता, आणि एकदाही नाही. त्याला लागलाच नव्हता. दाताच्या फटीतून शीळ आली नव्हती.

त्याने खाली बघितलं नाही. बघणं त्याच्याने होईना. "अर्लीन," तो म्हणाला, "अगं, मी तुला शब्द दिला होता."

बीचम वाजवतच होता. अर्लीन किंचाळली, "बंद कर ते! देवा, कोणी बंद करा ते!" आणि हात लांबवून तिने यंत्राची कळ खट्कन दाबली. दोन्ही चाकं थांबली.

बीचम थांबला नाही. त्याने आपली चार मापं ऐटीत पुरी केली आणि जागा सोडली. खोलीत अर्लीनचे हुंदके होते, त्याची छाती दाबणारे तिचे हात होते. ऑर्विलला तिच्याजवळ खाली बसायचं होतं. त्याने सॅक्सोफोन ओठांना लावला, तिच्याकडे बघत सूर धरला, आणि अर्लीनने मान वर केली नाही.